कसेल त्याची गोष्ट

गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर मी आयुष्यात एकदाच उभा राहिलोय, आणि तेही सोफा उचलायला. कॉलेजातला एक मित्र एका नाटकाच्या बॅकस्टेजला होता. त्या दिवशी त्याचा एक माणूस आला नाही, म्हणून त्याने मला धरून नेलं. कौटुंबिक नाटक होतं. दिवाणखाना, मागच्या भिंतीत एक दार, दाराला मण्यांचं तोरण. नाटकातली आई त्या दारातून सारखी ‘आत’ जायची आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायची. हेच नाटक मी महिन्याभरापूर्वी बाल्कनीत बसून पाहिलं होतं आणि ते आतलं स्वयंपाकघर मला अगदी स्वच्छ दिसलं होतं: कडाप्प्याचा ओटा, कोपऱ्यात सरकवलेला रॉकेलचा स्टोव्ह, खिडकीच्या गजाला अडकवलेली किसणी. कोणी दाखवलं नव्हतं. दिसलं होतं.

त्या दिवशी सोफा जागेवर ठेवून मी त्या दारातून पलीकडे गेलो. प्लायवूडच्या उघड्या पाठी, सुतळीने आवळलेल्या पट्ट्या, एक टेबल फॅन, स्टीलचा थर्मास, आणि स्टुलावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवणारी ‘आई’. बाई मोठी सज्जन, मला थर्मासातला चहाही दिला. पण पुढे ते नाटक कितीदा लागलं तरी मी गेलो नाही. जाऊन काय करणार? तिने ‘आत’ पाऊल टाकलं की मला शब्दकोडंच दिसणार.

हे आठवायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती कोपरखैरण्याला राहते, कॉलेजात आहे, आणि दर शनिवारी आजीला भेटायला ठाण्याला येते. परवा तलावपाळीच्या कट्ट्यावर शेंगदाणे खात बसलो असताना तिने जाहीर केलं की ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी सिनेमामालिकेत तिला सगळ्यात जास्त आवडतात ते नंतर आलेले, आधीची गोष्ट सांगणारे तीन सिनेमे. म्हणजे प्रीक्वेल. मला शेंगदाणा ठसक्यात गेला. मी तासभर वाद घातला. ती ऐकून घेत होती, आणि शेवटी म्हणाली, “अरे मामा, तुला सिनेमा बघायचाच नव्हता. तुला तुझा सिनेमा बघायचा होता.”

वाक्य झोंबलं. खरी वाक्यंच झोंबतात असं काही नाही, पण हे निदान अर्धं तरी खरं होतं, आणि राहिलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

पहिला ‘स्टार वॉर्स’ १९७७ चा. माझाही जन्म त्याच सालचा. मी तो पाहिला दहा-अकरा वर्षांचा असताना, नौपाड्यातल्या एका व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर. व्हीसीआर भाड्याचा, एका रात्रीचा. कॅसेट इतकी घासलेली की निम्मा सिनेमा काळोखात, आणि काळोखात लुकलुकणारे दिवे. इंग्रजी संवाद चार आण्यांइतके कळले. नायकाला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ओबी-वॉनशी बोलताना एका वाक्यात कुठल्याशा ‘क्लोन वॉर्स’चा उल्लेख आला, नायकाचा बाप त्या युद्धात लढला होता एवढंच समजलं. बस्स. मी आणि माझा मामेभाऊ पुढची दोन वर्षं गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये ते युद्ध लढलो. हातात तलवारी म्हणून गेलेल्या ट्यूबलाइट्स. एक फुटली, त्या दिवशी दोघांनी धपाटे खाल्ले आणि युद्ध काठ्यांवर आलं. आमच्या युद्धात बाप कधी जिंकायचा, कधी मरायचा, एकदा तर शत्रूला फितूर झाला आणि मग पश्चात्तापाने परत आला. पटकथा रोज बदलायची.

१९८३ नंतर नवा भाग नाही. मग १९९९ मध्ये ‘द फँटम मेनस’ आला. मधे १६ वर्षं. अमेरिकेत लोकांनी भलत्याच सिनेमांची तिकिटं काढली, या नव्या सिनेमाची दोन मिनिटांची झलक पाहिली आणि मूळ सिनेमा सुरू व्हायच्या आत उठून गेले, अशा बातम्या आल्या होत्या. आम्हाला त्यात वेडेपणा वाटला नाही, हेवा वाटला. आमच्याकडे लागला तेव्हा आम्ही दोघे मुंबईला जाऊन पाहून आलो. वर सरकत जाणारी ती पिवळी अक्षरं सुरू झाली तेव्हा मामेभावाने माझा दंड धरला होता. अक्षरांत काय लिहिलेलं? व्यापारी मार्गांवरच्या करांचा तंटा. १६ वर्षं वाट बघून जकात! मुलुंड चेकनाक्यावर ट्रकांची रांग लावून जे रोज चाललेलं असायचं, तेच आकाशगंगेत.

परतीच्या लोकलमध्ये दोघेही गप्प. मुलुंड गेल्यावर तो म्हणाला, “साउंड मस्त होता ना?” मी म्हटलं, “एक नंबर.” पुढच्या आठवड्यात आम्ही तोच सिनेमा पुन्हा पाहिला. आपलंच काहीतरी चुकलं असणार, एखादी गोष्ट नजरेतून सुटली असणार, असं वाटत होतं. भक्त माणूस आधी स्वतःला तपासतो. देवावर रागावणं फार नंतर येतं.

हे का होतं, याची दोन तयार उत्तरं लोक देतात. दोन्ही मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर असं की प्रीक्वेलचा शेवट आधीच ठाऊक असतो, मग मजा कसली? हे उत्तर ज्याने शोधलं त्याने कधी कीर्तन ऐकलेलं नसावं. कौपिनेश्वराच्या देवळात उत्तररंगाला बुवांनी कुठलंही आख्यान लावलं तरी समोरच्या प्रत्येक म्हातारीला त्याचा शेवट पाठ असतो. सीता परत येणार की नाही या काळजीने कोणी रामायण ऐकत नाही. आमच्या घरातलंच सांगतो. आई कुडाळकडची. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये आली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाली. २०१९ मध्ये दुसरा भाग आला, तो त्याच्या आधीचा: अण्णा जिवंत, शेवंता जिवंत. अस्सल मराठी प्रीक्वेल, आणि पहिल्या भागापेक्षा लोकांनी तोच जास्त डोक्यावर घेतला. रात्री साडेदहाला वर्तकनगरच्या आमच्या घरात आईसमोर बोलायची कोणाची छाती नव्हती. मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, अगं हा मरणार हे तुला माहीत आहे, काय एवढं बघतेस? टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, “मरतलो ता म्हायत आसा. पण जगलो कसो, ता बघूक व्हया ना?”

प्रीक्वेलबद्दल याहून शहाणं वाक्य मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

दुसरं उत्तर, अपेक्षा फार वाढल्या होत्या. वाट फार बघितली की असंच व्हायचं. नवी मुंबईच्या मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि पहिली गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, १२ वर्षं. सुरुवातीच्या दिवसांत मी भाचीबरोबर उगाच एक फेरी मारली. लोक सेल्फी काढत होते, कोणी गावाकडे व्हिडिओ कॉल लावून आजोबांना खिडकीबाहेरचं दाखवत होतं. पेंधरला उतरून ‘मी मनात जी मेट्रो बघितली होती ती ही नव्हे’ असं म्हणणारा एकही भेटला नाही. वाट बघण्याने माणूस चिडतो, वैतागतो, महापालिकेला शिव्या देतो, पण मिळाल्यावर बसतो आणि जातो. नुसत्या वाट बघण्यातून ती विशिष्ट निराशा येत नाही, ज्यात समोरची वस्तू मिळाल्यामुळेच काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

मेट्रोची वाट बघताना आपण मेट्रो बांधत नसतो. गोष्टीची वाट बघताना मात्र आपण ती रचत असतो, आणि सगळा तंटा इथून सुरू होतो.

आपल्याकडे कूळकायदा झाला १९४८ मध्ये, आणि १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कृषक दिन म्हटलं गेलं, कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक ठरली. कसेल त्याची जमीन. आजोळी आमच्या एका तुकड्यावरून अजून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे हा कायदा मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. आता गोष्टीचं बघा. लिहिणारा एक मोठा मुलूख आखतो, त्यातला थोडा स्वतः कसतो, बाकीचा पड ठेवतो. ‘क्लोन वॉर्स’ हे दोन शब्द म्हणजे असाच पडीक तुकडा. मालक १६ वर्षं तिकडे फिरकला नाही. त्यावर नांगर धरला आम्ही, ट्यूबलाइटने का होईना. मग एक दिवस मालक सातबारा घेऊन येतो आणि म्हणतो, इथे मी बंगला बांधतोय. कायद्याने तो बरोबर आहे. पण कुळाला जे वाटतं त्याला ‘अपेक्षाभंग’ हा शब्द अपुरा आहे. ती बेदखली असते.

तरी सगळ्या मोकळ्या जागा पडीक नसतात, काही उधारी असते. ‘बाहुबली’चा पहिला भाग २०१५ मध्ये आला आणि कट्टप्पाने राजाच्या पाठीत तलवार खुपसली तिथे संपला. कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न सिनेमाने स्वतः काढलेला, मुद्दाम, प्रेक्षकाच्या नावे लिहून दिलेला. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, दुसऱ्या भागाने बरीचशी मागची गोष्ट सांगून उधारी फेडली. उत्तर तसं पाहिलं तर साधं आहे, राणीचा हुकूम आणि गुलामाचं इमान. तरी कोणी फसवल्याची ओरड केली नाही. दिलेला शब्द पाळला गेला होता आणि वर व्याज म्हणून एक देवसेना मिळाली होती. उधारी फेडली की लोक खूश होतात. पण बहुतेक प्रीक्वेल काढणाऱ्यांना पडीक जमीन आणि उधारी यातला फरक कळत नाही. मूळ कथेत जे जे म्हणून सांगितलेलं नाही ते ते देणं आहे असं समजून ते हिशेब चुकता करत सुटतात.

याचा कडेलोट बघायचा तर पुन्हा १९९९ कडेच जावं लागेल. १९७७ च्या सिनेमात ‘फोर्स’ म्हणजे सगळ्या सजीवांतून उत्पन्न होणारी, सगळ्यांना बांधून ठेवणारी शक्ती, एवढंच ओबी-वॉन सांगतो. आम्हाला ते कळायला इंग्रजी लागलं नाही, घरात तेवढा वेदान्त होताच. ‘द फँटम मेनस’मध्ये काय होतं? लहान अनाकिनच्या, म्हणजे पुढे खलनायक डार्थ वेडर होणाऱ्या पोराच्या, रक्ताचा नमुना घेतात. रक्तात मिडी-क्लोरियन नावाचे सूक्ष्म जीव, त्यांची संख्या वीस हजारांच्या वर, थोर गुरू योडाची सुद्धा एवढी नाही! म्हणजे फोर्स आता गोखले रोडवरच्या कुठल्याही लॅबमध्ये उपाशीपोटी देता येईल अशी चाचणी झाली. रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर.

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. चांगदेव वाघावर बसून आले, हे भिंतीवर बसून सामोरे गेले. ही गोष्ट ऐकताना चौथीतलं पोरसुद्धा विचारत नाही की भिंतीला चाकं होती का. चमत्कारावर विश्वास असो नसो, गोष्टीत तो कसा ऐकायचा याचं भान पोराला असतं. आता कल्पना करा, चारशे कोटी खर्चून कोणी सिनेमा काढला आणि भिंतीखालचे लाकडी रूळ कोणत्या सुताराने बसवले ते दाखवलं. वारकरी चिडतील, आणि त्यात त्यांच्या श्रद्धेला धक्का बसला हा भाग दुय्यम असेल. गोष्टच बंद पडली, हा मुख्य.

स्पष्टीकरणाचा दुसरा रोग म्हणजे सोयरीक. प्रीक्वेलमध्ये सगळे एकमेकांच्या ओळखीचे निघतात. तो सोनेरी, बडबड्या यंत्रमानव कोणी बनवला? ज्याचा पुढे डार्थ वेडर होणार त्याच पोराने, शाळकरी वयात. ‘सोलो’ नावाचा सिनेमा २०१८ मध्ये आला आणि मूळ सिनेमातल्या हान सोलो या तस्कर वैमानिकाला आडनाव कसं मिळालं ते सांगून गेला: भरती करणाऱ्या कारकुनाने विचारलं तुझे लोक कोण, हा म्हणाला कोणी नाही, एकटा आहे, कारकुनाने ‘सोलो’ लिहिलं. हे कोणी विचारलं होतं? मूळ सिनेमाचं अर्धं आकर्षण हे की विश्व अफाट आहे, आपण त्याचा एक कोपरा बघतोय आणि पलीकडे कितीतरी माणसं आपापल्या भानगडीत आहेत. प्रीक्वेल संपेपर्यंत आकाशगंगेची नौपाड्यातली चाळ होते. वरच्या मजल्यावरच्या काकू खालच्या वहिनींची आतेबहीण.

१९७९ च्या ‘एलियन’मध्ये बेवारस यानात एक अवाढव्य, दगड झालेलं कलेवर दिसतं, छातीच्या फासळ्या आतून बाहेर फुटलेल्या. कोण होता, कुठून आला, काही नाही. ते दृश्य डोक्यातून जात नाही. ३३ वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच दिग्दर्शकाच्या ‘प्रॉमिथियस’ने सांगितलं की तो सापळा नव्हताच, तो पोशाख होता आणि आत एक उंच, गोरा, टकला माणूस. पुन्हा शब्दकोडं!

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या ‘द हॉबिट’चा प्रकार जरा निराळा. तिथे पडीक जमीनसुद्धा नव्हती, १९३७ चं लहान मुलांसाठी लिहिलेलं एक पुस्तक होतं, लोकांनी वाचलेलं. आधी दोन सिनेमे ठरले, मग २०१२ मध्ये तीन झाले. तिन्ही मिळून जवळपास आठ तास. पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतात तसं केलं, पुस्तकात नसलेली पात्रं घातली, जुन्या सिनेमातला धनुर्धारी परत आणला कारण लोक त्याला ओळखतात. हॅरी पॉटरच्या आधीची गोष्ट सांगणारे पाच सिनेमे व्हायचे होते, तिसऱ्यानंतर गाडी थांबली. असो.

मग काढतात कशाला? कारण पुढचा रस्ता बंद असतो. खलनायक मेला, नायक सुखी झाला, नट म्हातारे झाले. नाव मात्र अजून बाजारात चालतं. नवीन नावावर पैसे लावायला कोणी तयार नसतं, जुन्या नावाला जाहिरातीचा अर्धा खर्च वाचतो. तरुण नट घ्यायचे, मागे जायचं. आणि हे फसतंच असंही नाही. १९९९ साली जगभरात सगळ्यात जास्त कमाई केलेला सिनेमा ‘द फँटम मेनस’च होता. त्यात आमची दोघांची मिळून चार तिकिटं आहेत. निराश झालेला चाहता पैसे परत मागत नाही, उलट दुसऱ्यांदा जाऊन खात्री करून घेतो, हे निर्मात्यांना आपल्यापेक्षा आधी कळलं.

धंद्याबद्दल माझी तक्रार नाही. धंद्यामुळे येणारी एक अडचण मात्र आहे. प्रीक्वेलला ठरलेल्या स्टेशनावर ठरलेल्या वेळी पोचावंच लागतं. २००५ च्या तिसऱ्या प्रीक्वेलचा शेवटचा अर्धा तास आठवा. हेल्मेट डोक्यावर बसलं, जुळ्यांपैकी एक या घरी, एक त्या घरी, यंत्रमानवाची आठवण पुसली. सामान खोक्यांत भरून, वर नाव लिहून, टेम्पोत चढवतात तसं. त्याच सिनेमात एका माणसाचं वाटोळं कसं होतं ही खरी गोष्ट होती, पण तिला जागा किती मिळाली? जगलो कसो, ता दाखवायला वेळच उरला नाही.

आता सातबारा आणि कूळ या भांडणात माझी बाजू सरळ कुळाची आहे असं वाटेल. नाही. मालकाचाही माज असतो हे खरं. या मालिकेच्या कर्त्याने, जॉर्ज लुकसने, १९९७ मध्ये स्वतःचाच १९७७ चा सिनेमा दुरुस्त केला. पहिल्या आवृत्तीत खानावळीत हान सोलो समोरच्याला गोळी घालतो. नव्या आवृत्तीत समोरचा आधी झाडतो, मग हान. म्हणजे आम्ही कसलेला तुकडा तर सोडाच, गावातल्या घराच्या भिंतीसुद्धा रातोरात हलवल्या. पण म्हणून कुळाने काय केलं ते पाहा. जार जार बिंक्स हे विनोदी पात्र करणाऱ्या अहमद बेस्ट या नटावर लोक असे तुटून पडले की त्या काळात आयुष्य संपवण्याचा विचार मनात आला होता असं त्याने पुढे स्वतः जाहीर सांगितलं. लहान अनाकिन झालेल्या जेक लॉइडला शाळेत छळलं गेलं, असं त्यानेही पुढे सांगितलं. मालकाशी भांडण म्हणून मालकाच्या गड्याला झोडपायचं, आणि गडी कसला, दहा वर्षांचं पोर! हे करणारे मोठे बाप्ये होते. गच्चीवर लढलेले माझ्यासारखेच.

इथे माझी भूमिका स्पष्ट सांगतो. कसण्याचा हक्क आहे, पण तो आपल्या डोक्यातल्या जमिनीवर. ती मालक घेऊ शकत नाही आणि आपणही तिच्या जोरावर त्याच्याकडून सिनेमा वसूल करू शकत नाही. आपण निराश व्हावं, खुशाल बोलावं, लेख लिहावेत. ‘मला हेच दाखवायला हवं होतं’ ही मागणी मात्र चाहत्याला जितकी न्याय्य वाटते तितकीच ती सिनेमाला मारक असते. कारण ती मान्य झाली की आणखी एक आडनावाची उत्पत्ती जन्माला येते. कारकुनाने लिहिलेलं ‘सोलो’ हे चाहत्यांना खूश करण्यासाठीच होतं, हे विसरू नये.

जमलेले प्रीक्वेल बघितले की हे आणखी नीट दिसतं. ‘रोग वन’ २०१६ चा. १९७७ च्या सिनेमाच्या सुरुवातीच्या अक्षरांतल्या एका वाक्यातून काढलेला: बंडखोरांच्या हेरांनी शस्त्राचे नकाशे चोरले. कोणी चोरले, याची कोणाला पर्वा नव्हती. त्या तुकड्यावर कोणी नांगर धरलेला नव्हता. नकाशे मिळणार हे पहिल्या मिनिटापासून माहीत, आणि तरी ही माणसं एकेक करून संपतात तेव्हा घशात काहीतरी अडकतं. ‘बेटर कॉल सॉल’ ही २०१५ ते २०२२ चाललेली मालिका. वकील पुढे किती खालच्या पातळीला जाणार ते आपण ‘ब्रेकिंग बॅड’ या मूळ मालिकेत पाहिलेलं. पण त्याच्या शेजारी किम नावाची बाई उभी केली, जी मूळ मालिकेत कुठेच नाही. मग प्रत्येक भागात काळजी एकच, हिचं काय झालं असेल? ज्याचा पुढचा पत्ता आपल्याला माहीत आहे त्याची भीती वाटत नाही, ही प्रीक्वेलची मोठी पंचाईत, आणि किमने ती सोडवली. आणि अण्णा नाईक? पहिल्या भागात ते सुतकाचं निमित्त होते. निमित्ताचा माणूस झाला तर कोणाचं काय हिरावलं जातं? उलट हाती एक माणूस लागतो.

मी हे सगळं तलावपाळीवर भाचीला ऐकवलं होतं, थोडं कमी नीटनेटकं. तिने शेंगदाण्याची पुडी झटकली. म्हणाली, “पण मी ते सिनेमे आठ वर्षांची असताना टीव्हीवर पाहिले. माझ्या डोक्यात तुझी गच्ची नव्हती.” तिच्या मते जकातीचा तंटा कंटाळवाणा खरा, पण तिने तो कधी नीट ऐकलाच नाही, तिला आठवते ती दोन टोकांची लाल तलवार आणि पळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या, आणि मग पहिल्या दोन प्रीक्वेलच्या मधल्या दहा वर्षांत अनाकिनचं काय झालं असेल यावर तिने आणि तिच्या मैत्रिणीने सातवीत एक अख्खी दोनशे पानी वही भरली होती. वही आईने रद्दीत दिली. सांगताना अजून तिचा आवाज चढतो.

म्हणजे ज्या सिनेमाने माझी जमीन घेतली त्यानेच तिला नवी पडीक जमीन दिली होती. हे मला कट्ट्यावर मान्य करता आलं नाही, इथे करतो. सिनेमा तोच. मिडी-क्लोरियनही तेच, त्याबद्दल मी माझं मत बदलणार नाही. पण ‘तो सिनेमा वाईट आहे’ या माझ्या २५ वर्षं जुन्या वाक्यात माझं वय किती आणि सिनेमा किती, हे आता मला सांगता येत नाही. तो जार जार झालेला नट २०२३ मध्ये त्याच विश्वातल्या एका मालिकेत शूर योद्धा म्हणून परत आला, आणि टाळ्या वाजवणारे बहुतेक माझ्या भाचीच्या वयाचे होते.

आम्ही घरी परतलो तेव्हा आई आठळ्या सोलत बसली होती. विषय चालूच होता. भाचीने विचारलं, आजी, तुझ्या त्या शेवंतेचं पुढे काय झालं गं, तिसरा भाग आलेला ना? आला होता, २०२१ मध्ये. त्यात मधेच शेवंता करणारी नटी बदलली. नवीन मुलगी मन लावून काम करत होती, माझ्या मते तिचं काही चुकलं नव्हतं. मला तो दिवस आठवतो. आईने पाच मिनिटं बघितलं, मग रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. जगलो कसो म्हणणारी बाई ती.

“बघलंय मी,” आई म्हणाली, सुरी न थांबवता. “ता शेवंता न्हय.”

“मग शेवंता कशी असते?” भाचीने विचारलं.

आईने सुरी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. कुडाळच्या बाजारात तिच्या लहानपणी एक बाई यायची, अबोलीचा वळेसर माळून. मालिकेत ती कधीच नव्हती.